अ‍ॅडमिशन चालू हायत, अपडेट नंतर

लातुरात क्लासवाल्यांच्या वेबसाइटी सांभाळायला लागल्यापासून असले किस्से इतके साठलेत, की टपरीवर मी दिसलो की मित्र आधी स्टूल सरकवतात. त्यांना हसू येतं. मला रडू येतं, पण सांगतो.

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बिराजदार सर. फिजिक्सचे क्लास, चार मजली बिल्डिंग, वर होस्टेल. वेबसाइटची भोकं बुजवणारा अपडेट आला की मी फोन करायचो, कारण पासवर्ड सर कुणालाच देत नसत. सर म्हणायचे, "आत्ता अ‍ॅडमिशन चालू हायत, वेबसाइट बंद पडली तर?" मग टेस्ट सिरीज. मग रिझल्ट. मग परत अ‍ॅडमिशन! वैताग नुसता.

*

एकदा मुद्दाम दसऱ्याला गेलो. म्हटलं, आज क्लास बंद. ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा झालेली, स्क्रीनवर कुंकवाची बोटं, वर झेंडूचा हार. हाराखालनं अपडेटची लाल पट्टी डोकावत होती. मी माउसला हात लावला, तशा सरांच्या मिसेस ओरडल्या, "अवो, पूजेला मांडलेलं हाय ते! आज हलवायचं न्हाई!"

दुसऱ्या दिवशी टेस्ट सिरीज सुरू झाली.

*

सर औशाकडचे. भूकंपात घर गेलेला माणूस. अजूनही भिंतीला केसाएवढी चीर दिसली की लगेच गवंडी बोलावतात. मला वाटलं, ह्या भाषेत तरी कळेल.

"सर, वेबसाइटला चीर पडलीय. चोर शिरतील आत."

सरांनी चष्मा वर करून स्क्रीन नीट न्याहाळली. "कुठंय? मला तर न्हाई दिसत!"

*

मग एका दुपारी जळकोटचे सलीमचाचा होस्टेलच्या गेटवर धापा टाकत आले. टेलरकाम करतात, गळ्यात टेप तसाच. कुणीतरी फोन केला होता, "तुमच्या शबानाचा अ‍ॅक्सिडेंट झालाय, ऑपरेशनला पैसे पाठवा." पोरीचं नाव, बॅच, होस्टेलची खोली, सगळं बरोबर! चाचांना काही सुचेना, ते थेट जीपमध्ये बसले.

शबाना मेसमध्ये वरणभात खात होती. तिला बघून चाचा पायरीवरच बसले आणि ओक्साबोक्शी रडले. "या अल्ला, रस्ताभर मी काय काय सोचलो," एवढंच म्हणत राहिले.

ही सगळी माहिती एकत्र फक्त आमच्या वेबसाइटवर होती. म्हणजे चोर शिरला होता, आणि सगळ्या आईबापांचे नंबर त्याच्या हातात होते.

सर म्हणाले, "पोरगी सुखरूप हाय ना? मग झालं की!"

*

तरी त्या दिवशी सरांनी पहिल्यांदा पासवर्ड दिला. आत जाऊन बघतो तर काय, सगळे अपडेट झालेले! ज्याच्यासाठी मी चपला झिजवल्या, ते चोरानंच उरकलं होतं. आपण शिरलो त्या वाटेनं दुसरा कुणी येऊ नये म्हणून!

"सर," मी म्हटलं, "चोरानं अपडेट केलंय. आणि तो अजून आतच बसलाय."

सर म्हणाले, "ऐन अ‍ॅडमिशनमध्ये केलं, आन् वेबसाइट मिनिटभर बी बंद पडली न्हाई! लई हुशार माणूस हाय. ह्याचा नंबर मिळंल का?"