मालडब्याची खंडेनवमी

सत्याशी तडजोड करायची नाही, हे तत्त्व मी आयुष्यभर पाळलं. अर्थात फक्त वीतभर लांबीच्या वस्तूंबाबत. रेल्वेच्या मालधक्क्यावर उभ्या असलेल्या एका जुन्या बंद डब्याची मला हुबेहूब प्रतिकृती हवी होती. तसं मॉडेल तयार मिळत नाही. म्हणून दोन परदेशी मॉडेलं कापून, एकाचं छप्पर दुसऱ्याच्या अंगावर चिकटवून मी पुंडलिकनगरच्या घरात तो डबा उभा केला. गंजाचा रंग जमवता जमवता पावसाळा संपला आणि पाठ गेली.

खंडेनवमीला शेवटचा हात देऊन, डबा सुकायला ठेवून मी आडवा झालो. उठलो तर डब्याच्या दारावर कुंकवाची बोटं.

“हे काय केलंस?” मी बायकोला विचारलं.

“स्कूटरला लावलं, मिक्सरला लावलं. ही काय गाडी नाय?”

“खऱ्या डब्यावर असलं काही नसतं!”

“बघून आलात का?”

कुंकू ओल्या रंगात बसलं होतं. ते खरवडायचं त्राण माझ्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी निदान पुराव्याला फोटो काढावा म्हणून मालधक्क्यावर गेलो. हमालांनी खऱ्या डब्याच्या दारावर कुंकवाची पाच बोटं ओढली होती.

शिवाय झेंडूचा हार होता. तो आमच्या डब्यावर घालायचा राहून गेला होता.