पांढऱ्यातला निळा

“पडदा खोटं बोलतोय,” असं म्हणून ते खुर्ची मागं सरकवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि कम्प्युटरकडं असं बघायचे, की जणू तो चोरी करताना सापडलाय.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्या शेजारच्या गाळ्यात ते लग्नाच्या फिल्म एडिट करायचे. सगळे त्यांना मामा म्हणत. मी अल्बम डिझाईन करतो, त्यामुळं रंगावरून आमची रोजची वादावादी. मामांचं म्हणणं असं, की कम्प्युटर आपल्या पडद्यावर स्वतःच्या मर्जीचे रंग दाखवतो. चित्र जसंच्या तसं बाहेरच्या मॉनिटरवर न्यायचं, तर मध्ये आउटपुटची वेगळी पेटी हवी. म्हणणं खरंच होतं. फक्त ती पेटी निवडायला मामांनी जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात लोकांची स्थळं बघून, लग्नं लागून, फिल्म एडिटिंगला यायच्या.

कम्प्युटरच्या आत बसणारं कार्ड त्यांना नको होतं. “कम्प्युटर गेला की त्ये बी गेलं.” दुकानदारानं फोर-केचा आग्रह धरला, तर म्हणाले, “फोर-केत लगीन बघणारं एक घर दाव कोल्हापुरात, लगेच घेतो.”

शेवटी एक पेटी आली आणि चार दिवसांत परत गेली. “पांढरं पिवळं दाखवतीया.” दुसरी आली, तीही गेली. स्कोपवर, म्हणजे रंग मोजणाऱ्या आलेखावर, पिवळं मारायला मामांनी चढवलेला निळा साफ दिसत होता. मी तो दाखवला, तर म्हणाले, “आलेख बी त्याच पडद्यावर दिसतोय की भावा!” ह्यावर तुम्ही काय बोलला असता?

खरं सांगायचं, तर त्यांच्या फिल्ममधलं पांढरं निळं पडत चाललंय, हे मला सहा महिने दिसत होतं. पण ज्यांच्याकडून रंग शिकलो, त्यांना रंग कसा सांगायचा? दोन गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली, तरी मी गप्प राहिलो.

तिसऱ्या पेटीच्या वेळी दुकानदार स्वतः आला. त्यानं प्रिंटरमधला कोरा कागद काढून मॉनिटरशेजारी धरला. “मामा, ह्यो कसला हाय?”

“पिवळट. जुना दिसतोय.”

कागद नवा कोरा होता. दुकानदार माझ्याकडं बघायला लागला, तेव्हा मला बोलावंच लागलं. “मामा, कागद पांढराच हाय. डोळं दावून घ्या एकदा.”

“तुला कवापास्नं म्हाईत हाय?”

“सहा म्हैनं झालं.”

त्यांनी मॉनिटर बंद केला आणि गाळ्याचं शटर ओढलं. चार शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गाळ्यात आल्या आल्या मामांनी जुनं काम उघडलं, आणि सहा महिन्यांतल्या सगळ्या नवऱ्या मुली त्यांना एकाच बैठकीत निळ्या दिसल्या. त्यांतलं एक लग्न बौद्ध घरातलं होतं. मुलीची पांढरी साडी फिल्मभर आकाशी झाली होती. “पोरीच्या लग्नाचा रंगच मी खाल्ला, लेका,” म्हणाले. फिल्म पुन्हा केली, पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि मला घेऊन तिच्या माहेरी गेले. गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन ‘माझं चुकलं’ म्हणायची मामांची ही पहिलीच वेळ. जिना चढताना ते दोनदा थांबले.

मुलीचे वडील ऐकून हसायलाच लागले. “निळं म्हंजे आमचंच की ओ मामा! ऱ्हाऊ द्या तसंच.” घरभर हशा झाला. मीही हसलो. सुटलो, असं वाटलं.

मामा हसले नाहीत. “निळं तुमचंच हाय, पण साडी पांढरी हुती,” म्हणत त्यांनी ड्राइव्ह टीव्हीला लावला. पडद्यावर मुलगी मैत्रिणींबरोबर लग्नाच्या हॉलमध्ये आली, पांढऱ्या साडीत.

दाराशी उभी असलेली तिची आई टीव्हीजवळ गेली आणि साडीवर बोट टेकवून म्हणाली, “हीच. चार दुकानं हिंडून हीच आणलेली मी. मला वाटायचं, माझंच डोळं गेलं का काय.”

“न्हाय ताई,” मामा म्हणाले, “माझं गेलतं.”