चार पडदे, एक एंटर

माझी झोप कशानं उडायची हे सांगितलं तर लोक हसतात. कीबोर्डवरच्या एंटरनं! लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायचे, तिथं रोज काहीतरी घडायचं. नवरा हदगावला शिक्षक, शनिवारी यायचा. सांगायला घरी माणूस नाही, त्यामुळे किस्से माझ्याकडे बरणीतल्या लोणच्यासारखे साठत गेले. मुरले, आणि आता वाढायला काढलेत.

आधी व्यवस्था सांगते. क्लासला पोरं इतकी की एका हॉलात मावत नसत. म्हणून सर एका हॉलात शिकवायचे, फळ्याच्या एका कडेला भिंतीवर कॅमेरा, आणि चारही हॉलांतल्या पडद्यांवर सर दिसायचे. प्रोजेक्टर छताला टांगलेले. रिमोट सारखे हरवायचे, म्हणून प्रत्येक प्रोजेक्टरपासून एक सिरियल केबल वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत आणली होती. मी कॉम्प्युटरवर हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं, की खाली प्रोजेक्टर चालू नाहीतर बंद. तास चालू असताना बंदचा हुकूम टाइप करून तयारच असायचा, त्यामुळे एंटरला नुसता धक्का लागला तरी पडदा काळा!

अडचण एकच. माझी चार वर्षांची मनू. तिला सांभाळायला कुणी नाही, म्हणून तीही त्याच खोलीत, माझ्या शेजारच्या स्टुलावर. क्लासचे मालक, म्हणजे आमचे मोठे सर, त्यांनी परवानगी दिली, पण बजावून! "मॅडम, पोरगी बसू द्या. पण तिच्या हातून एकदा जरी पडदा काळा झाला, तर दोघींनी उद्यापासून यायचं नाही!"

तेच वाक्य मी रोज जिना चढताना मनूला ऐकवायचे. बीएस्सी झालेल्या बाईला यापेक्षा बरे संस्कार सुचू नयेत, याची लाज वाटायची. पण ऐकवायचे.

*

पहिला दिवस. मी हुकूम टाइप केला, एंटर दाबलं. प्रोजेक्टर ढिम्म. उलट त्याच्याकडून स्क्रीनवर उत्तर आलं ते प्रश्नचिन्हं, चौकोन आणि कसलीतरी चित्रविचित्र अक्षरं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आपल्याला काही येत नाही, हे पहिल्याच दिवशी मशीनला कसं कळलं?

आमचे शिपाई गुंडूमामा, औशाचे, चहा घेऊन मागं उभे होते. त्यांनी स्क्रीन बारकाईनं पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, त्याला तुमचं इंग्लिश समजून नाही राहिलं. मराठीत लिवा की!"

शेवटी निघालं काय, तर कॉम्प्युटर भरभर बोलत होता आणि प्रोजेक्टर सावकाश ऐकत होता. दोघांचा वेग सारखा केला आणि पडदा उजळला. मामा आजही सांगतात, "मी सांगितलं म्हणून चालू झालं!"

*

केमिस्ट्रीच्या सरांना वेळेचं भान नव्हतं. तास संपला की मी पडदे बंद करायचे. त्यामुळे तास संपत आला की ते फळ्यासमोरून कॅमेऱ्याकडे वळून विनवायचे, "मॅडम, दोनच मिनिटं! बेंझिनची रिंग अर्धी राहिलीये!"

आणि त्यांच्या पाठीमागं पहिल्या बाकावरची पोरं, सरांना दिसणार नाहीत अशी, कॅमेऱ्याला हात जोडून उभी! करा हो मॅडम, बंद करा!

चारही पडद्यांवर हे एकदम दिसायचं आणि बाकीच्या हॉलांत हशा पिकायचा. सरांना वाटायचं, आपल्या विनोदांना बाकीचे हॉल फार दाद देतात.

*

खंडेनवमीला मोठ्या सरांनी फर्मान काढलं, "आपलं शस्त्र म्हणजे प्रोजेक्टर. पूजा झालीच पाहिजे!" मामा शिडीवर चढले आणि चारही प्रोजेक्टरना झेंडूचे जाडजूड हार घालून आले. वर मी एकेक चालू केला. थोड्या वेळानं तिसऱ्या हॉलचा निरोप माझ्या स्क्रीनवर, तापमान जास्त. मग दुसऱ्याचा. मग दोघं आपोआप बंद!

धावत खाली गेले. गरम हवा बाहेर टाकायच्या जाळीवरच झेंडू बसला होता.

मामा हार काढत म्हणाले, "हार घातल्याबरोबर देवाला ताप भरलेला पहिल्यांदाच बघितला!"

मोठे सर गंभीरपणे म्हणाले, "मग नैवेद्याला तापाची गोळी ठेवा."

*

एकदा शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी आली. धडधड सुरू झाली तसा चौथ्या हॉलचा प्रोजेक्टर छताला हलायला लागला, आणि पडद्यावरचे सर डोक्यापासून पायापर्यंत थरथरले. भूकंप झाला तेव्हा ही पोरं रांगत असतील, पण लातूरच्या घरात ती भीती दुधाबरोबरच मिळते. "हललं!" एक जण ओरडला आणि लोंढा दाराकडे सुटला. लांब बिलोलीकडची दोन पोरं तेवढी पेन हातात धरून बसून राहिली. त्यांना वाटलं, प्रात्यक्षिक आहे!

वर आरडाओरडा ऐकून मी मनूला कडेवर घेतलं. आणि धक्का लागून एंटर दाबलं जाऊ नये म्हणून टेबलाला लांबून वळसा घालून पळाले. जीव वाचवतानाही कीबोर्ड सांभाळणारी मी!

बाहेर आले तर गेटाशी मोठे सर, अनवाणी.

"मी पोरं मोजायला आलो होतो," ते म्हणाले.

मामा म्हणाले, "हाव सर. पण एक बी पोरगं बाहेर यायच्या आधी?"

*

निकालानंतरचा पालक मेळावा. चारही हॉल गच्च, मोठ्या सरांच्या डोक्यावर फेटा, पडद्यांवर गुणवंतांचे फोटो. ऐन भाषणात लाइट गेली आणि लगेच आली. ट्यूबा लागल्या, पंखे फिरले, पण पडदे चारही काळे! प्रोजेक्टरचा तापलेला दिवा पुन्हा लागायला आधी गार व्हावा लागतो. तोवर कॉम्प्युटरवरून कितीही हुकूम सोडा, प्रोजेक्टर ऐकत नाही. हे मला माहीत होतं, म्हणून मी हात मांडीवर ठेवून थांबले होते.

जिन्यात धपधप पावलं. दारात मोठे सर, फेट्याचा शेमला हातात, दम लागलेला.

"हिनंच दाबलं ना? म्हटलं होतं का नव्हतं मी, मॅडम?"

"सर, लाइट..." उद्यापासून आपण कुठं जायचं, एवढंच डोक्यात.

सर थेट कीबोर्डवर आले आणि एंटर बडवायला लागले. ठप, ठप, ठप! पडदे काळेच.

मनू स्टुलावरून खाली उतरली. सरांचं मनगट दोन्ही हातांनी धरून तिनं बाजूला केलं, त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "सर, हात मागं घ्या. इथं ज्यानं दाबलं ना, त्यानं उद्यापासून यायचं नाही!"