पान दोनशे बाराची नोंद

आमच्या मावशीच्या पायाला भिंगरी होती. स्वस्थ बसणं तिला ठाऊकच नव्हतं, आणि काम मात्र असं पत्करलेलं, की भलाभला माणूस बसून बसून दगड व्हावा. जाडजूड पुस्तकांच्या शेवटी असते ती सूची ती करायची. कोणतं नाव, कोणतं गाव, कोणती लढाई कोणत्या पानावर आहे ते कार्डांवर टिपायचं आणि अकारविल्हे लावून द्यायचं. जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरलेली, पंखा बंद, आणि मावशी टेबलाभोवती फेऱ्या घालते आहे. तिच्या घराच्या मागच्या खोलीत राहून मी तीन वर्षं ऑफिसला गेले. त्या टेबलावर एकदाही जेवले नाही. ताट मांडीवर घ्यायचं आणि जोरात शिंकायचं नाही.

"सूची वाचतं कोण गं?" मी चिडवायची.

"ज्याला घाई असते तो. आणि घाईतल्या माणसाला फसवू नये. पान सांगितलं की त्या पानावर ती गोष्ट भेटलीच पाहिजे." तीस वर्षांत तिची एकही नोंद चुकली नव्हती, आणि हे ती दिवसातून दोनदा तरी ऐकवायची.

तिचं निम्मं आयुष्य एकाच लेखकापायी गेलं. ते युद्धांचे इतिहासकार. युद्ध राष्ट्राला कसं घडवतं आणि कसं मोडतं, यावर त्यांचे पाच ग्रंथ होते, एकेक उशाला घेण्याजोगा. माणूस विद्वान, जाणूनबुजून खोटं लिहिणारा नव्हे. पण राष्ट्राबद्दल असं लिहायचे, जणू त्यांच्या घरात वाढलेला पुतण्याच. 'त्या हिवाळ्यात राष्ट्र वयात आलं.' मला हसू यायचं. मावशी मात्र त्यांचा फोन आला तरी उभी राहायची. अर्थात, ती उभीच असायची.

सहावा ग्रंथ चाळीस वर्षांपूर्वीच्या युद्धावर होता. त्या युद्धात आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, पूल बांधणाऱ्या आणि उडवणाऱ्या तुकडीत होते. 'गेलो, आलो' यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नाही. विषय निघाला की मिठाची गुळणी धरायचे आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला उठायचे. घरातले नीट चालणारे नळ ते दुरुस्त करायचे, आणि मग ते नळ गळायचे.

एका सकाळी ते असेच काहीतरी शोधत टेबलाशी आले आणि वर पडलेलं नव्या ग्रंथाचं कच्चं छापील पान उभ्याउभ्याच वाचू लागले. पान दोनशे बारा. 'पूल सकाळी सात वाजता, वेळेवर उडवण्यात आला. शत्रूचे रणगाडे पलीकडेच राहिले. हानी झाली नाही. राजधानी वाचली.' काका पान जागेवर ठेवून बाहेर गेले, ते अनवाणीच. दुपारी परतले तेव्हा तळव्यांना फोड आले होते. मावशीनं विचारलं, मी विचारलं, तर ते बादलीत पाय सोडून बसले. आमचा जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी शर्टाला इस्त्री करता करता ते मान वर न करता म्हणाले, "त्यावर माणसं होती."

"कशावर?" मावशी थांबली.

"पुलावर. गाव सोडून निघालेली. हातगाड्या, गाद्या, पोरं. मी एक्केचाळीसपर्यंत मोजली, तेवढ्यात हुकूम आला. सुरुंगाचा दांडा मी दाबला." शर्टावर इस्त्री तशीच राहिली होती. जळकट वास आल्यावर मावशीनं जाऊन ती उचलली. काका म्हणाले, "हानी झाली नाही म्हणे."

मावशी डोक्यात राख घालून इतिहासकारांकडे गेली आणि येताना आणखी पेटून आली. ते ओरडले नव्हते. चहा दिला होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाले होते, "बाई, सेनापतींची रोजनिशी, तारा, अहवाल, सगळं पाहिलंय मी. कुठंही उल्लेख नाही. एका माणसाच्या आठवणीवर पान बदलता येत नाही."

"मग त्या माणसाला भेटा ना," ती म्हणाली होती.

"पुढच्या आवृत्तीच्या वेळी बघू. शुक्रवारी पुस्तक छापायला जातंय."

सहा ग्रंथ झाले, आणि या गृहस्थांनी एका साध्या शिपायाला कधी काही विचारलं नव्हतं! मला असा राग आला, की त्यांचे पाचही ग्रंथ रद्दीत घालावेत असं वाटलं.

शुक्रवारपर्यंत मावशी फिरत राहिली. टेबलाभोवती, गच्चीवर, जिन्यात. गुरुवारी संध्याकाळी तिनं एक कोरं कार्ड घेतलं, लिहिलं आणि 'पुरवठा' आणि 'पूल' यांच्या मधे सरकवलं. मी डोकावून पाहिलं. 'पुलावरची माणसं, २१२.'

"अगं, पण त्या पानावर ती नाहीत!"

"माहितीये."

"कळलं तर तुला पुन्हा कुणी काम देईल का?"

"नाही देणार," ती म्हणाली आणि कार्डांना रबर लावलं. काकांना तिनं काही सांगितलं नाही. लेखक मंडळी सूची वाचत नाहीत, म्हणून नोंद छापून आली.

पुस्तक गाजलं. इतिहासकारांचा सत्कार झाला. आमच्या घरात मात्र बेल वाजली की मावशी आधी खिडकीतून खाली बघे. पाच महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, ते स्वतः दारात उभे राहिले. हातात पत्रांची चळत.

"ही नोंद तुम्ही केलीत?"

"मीच केली."

"चूक म्हणून?"

"नाही. जाणूनबुजून."

ते खुर्चीवर बसले. मला वाटलं होतं, आता आग पाखडतील. पण ते पत्रं टेबलावर ठेवत म्हणाले, "अकरा आहेत. ज्यांचं माणूस त्या पुलावरून घरी आलं नाही, ते पुस्तक हातात घेऊन आधी मागची सूची बघतात, हे मला माहीत नव्हतं. पान उघडतात, तर तिथं काही नाही. विचारतात, सूची खरी की पान? काय लिहू मी त्यांना?"

काका गॅलरीतून आत आले होते. त्यांनी एकेक पत्र वाचलं. मग म्हणाले, "माझा पत्ता द्या."

मावशी पांढरीफटक पडली. इतके महिने तिला खरं ते छापून यायला हवं होतं. ते विचारत विचारत माणसं तिच्याच नवऱ्याच्या दारात येतील, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. "अहो, नको. दांडा कुणी दाबला, विचारतील ते."

"विचारू देत. चाळीस वर्षांत कुणी विचारलंच नाही."

दोन आठवड्यांनी पहिली बाई आली. पन्नाशीची, हातात पिशवी, चेहरा घट्ट आवळलेला. मावशी स्वयंपाकघराच्या दारात माझा दंड धरून उभी होती, आणि तिची नखं मला रुतत होती. काकांनी त्या बाईला बसा म्हटलं. ती बसली नाही.

"तो पूल..." ती म्हणाली.

"मी उडवला," काका म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. आता ही ओरडणार, आता ही अंगावर धावून जाणार, असं मला वाटत होतं. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"माझी आई तुम्हाला दिसली होती का?"

काकांनी खुर्ची तिच्याजवळ सरकवली. "दिसली असणार," ते म्हणाले. "कशी होती, सांगा मला."