खोटा कोण छापतलो?

कागद हातात आला की काका तो आधी वाचत नसत. बाजारात मासा दाबून बघावा तसा अक्षरांवरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "छापलेला आसा. खोटा कोण छापतलो गो?"

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. तिसरीत शाळा सुटलेली, पुढचं सगळं वाचन भज्यांच्या कागदावर आणि औषधांच्या खोक्यांवर. आमच्या शेजारचे हे काका तांडेल होते. होडी आणि होडीवरची माणसं त्यांच्या शब्दावर चालत. माझे बाबा गावात वाटायला पत्रकं छापत, माझं बालपण त्यांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. पुढे मीही पत्रकं लिहू लागले. पहिली प्रत काकांच्या हातात द्यायची हा आमच्या घरचा नेम.

गाव मात्र त्यांना ओळखायचं ते गाऱ्हाण्यासाठी. जत्रेला गावाच्या वतीने देवाशी बोलायचा मान त्यांच्या घराकडे होता. हातात नारळ घेऊन ते "बा देवा म्हाराजा" अशी हाक घालत. मग आजारी माणसं, परीक्षेला बसलेली पोरं, मुंबईतले चाकरमानी, दर्यावर गेलेले, सगळ्यांसाठी मागणं मागत. कुणी सुटत नसे. प्रत्येक मागण्याला गाव म्हणायचं, "होय म्हाराजा!" त्यांना कधी माईक लागला नाही.

एका मोसमात होडी किनाऱ्यावर ओढताना दोर तुटला आणि तोंडावर बसला. वरचे पुढचे चार दात गेले.

काढता-घालता येणारी कवळी केली. पुढच्या जत्रेत "म्हाराजा" लांबवताना ती निसटली आणि थेट नारळाच्या तबकात पडली. गाव हसलं. काकाही हसले. "देवान नारळाबरोबर दातय मागल्यान," म्हणाले आणि कवळी धुवून खिशात टाकली. उरलेलं गाऱ्हाणं त्यांनी तोंडासमोर पंचा धरून पुरं केलं. पंचा त्या दिवशी तोंडावर आला तो पुढे कित्येक वर्षं उतरला नाही.

मालवणातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडात स्क्रू बसवून पक्के दात लावता येतील. मग सल्ल्यांना काय तोटा! केस कापणारा म्हणाला, "स्क्रू थेट डोळ्याच्या शिरेक लागता. आंधळो होतलंस!" देवळातले एक मानकरी म्हणाले, "हाडात लोखंड घेतलेलो माणूस देवासमोर चलाचो नाय." काका पंच्याआड खो खो हसले. "ह्या सगळा तोंडचा. छापलेला दाखव."

छापलेलं फक्त माझं होतं.

त्या वर्षी मी 'दातांचा बाजार' नावाचं पत्रक काढलं होतं. दवाखान्यांच्या पाट्यांवरची ते चकचकीत हसू बघून माझं डोकं फिरलं होतं, आणि तो राग आजही मला खोटा वाटत नाही. पण त्यात एक वाक्य होतं: 'साठीनंतर हाड स्क्रू धरत नाही, शरीर परकी वस्तू बाहेर फेकतं.' हे मी चहाच्या टपरीवर ऐकलं होतं. एकाही डॉक्टरला विचारलं नव्हतं. वाक्य खणखणीत वाटलं, म्हणून ठेवलं.

काकांनी अंगठा फिरवला. "माझा वय एकसष्ट. इषय संपलो."

मला अभिमान वाटला, हे लिहून ठेवते. आज्ञाधारक वाचक कुणाला नको असतो?

पुढच्या जत्रांत गाऱ्हाणं आखडत गेलं. 'स' शिट्टीसारखा वाजे, 'त' निसटे. मागची पोरं नक्कल करत. शेवटी काकांनी स्वतःच नारळ पुतण्याच्या हातात दिला.

सहा वर्षांनी आईला घेऊन मी त्याच डॉक्टरांकडे गेले. आईचं वय चौसष्ट. तिला स्क्रू बसवायचं ठरलं तेव्हा मी वाद घालायला उभी राहिले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "नुसतं वय आड येत नाही. हाड किती आहे, साखर ताब्यात आहे का, तंबाखू आहे का, ते बघतो. स्क्रू टायटॅनियमचा असतो आणि बहुतेक वेळा हाड त्याला धरून ठेवतं. एखादा टिकत नाही, पण त्याला वेगळी कारणं असतात. उशीर मात्र करू नये. दात गेला की तिथलं हाड झिजत जातं."

त्याच संध्याकाळी काकांच्या पडवीत जाऊन मी सगळं सांगितलं. ते जाळं शिवत होते. सुई थांबली.

"मगे तां छापलंस कित्याक?"

आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मी भांडले असते.

मी हट्टाने त्यांना दवाखान्यात नेलं. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "हाड फार झिजलंय. आधी ते भरून घ्यावं लागेल, मग काही महिने थांबायचं, मग स्क्रू. तेव्हाच आला असतात तर सोपं होतं." काकांनी पंचा सारखा केला. "होया तेव्हा इलंय नाय. आता रवांदे," म्हणत ते खुर्चीवरून उठले.

मी चूक कबूल करणारं पत्रक काढलं. पहिली प्रत त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती घेतली, घडी घातली आणि खिशात ठेवली. अंगठा फिरवला नाही.

"वाचा ना, काका."

"आणि ह्या खरा कशावरून?"

त्या वर्षी पुतण्याने गाऱ्हाणं कागदावरून वाचलं. देवळाच्या मंडळींनी आठवेल तसं जुळवून छापून घेतलं होतं. आजाऱ्यांसाठी मागून झालं, परीक्षेच्या पोरांसाठी झालं, चाकरमान्यांसाठी झालं आणि कागद संपला. दर्यावर गेलेले राहून गेले. गाव म्हणालं, "होय म्हाराजा!"

मागे खांबाशी काका उभे होते. त्यांनी पंचा काढला आणि उघड्या तोंडाने ते मागणं ओरडून सांगितलं. नुसती हवा आणि शिट्टी. कुणाला कळलं नाही. पोरं हसली. मी एकटीच म्हणाले, "होय म्हाराजा."

यंदा जत्रेला खांबाशी कुणी नव्हतं. कार्तिकातच काका गेले. कागद मात्र तोच होता, आणि होड्या दर्यावर होत्या.