पाणी हलता कामा नये

पेट्रोल शंभरी ओलांडून तिथेच ठाण मांडून बसलं, त्या काळात मला फुकटचे सल्ले फार मिळाले. सावद्याला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, त्यांना नवी तार भरून द्यायची. दुकानासमोर केळीचे ट्रक उभे राहतात आणि माल घेऊन दिल्लीकडे जाणारे ड्रायव्हर चहा पिता पिता मला शहाणं करून सोडतात. एक म्हणाला, टाकीत डांबराच्या दोन गोळ्या टाक, गाडी पळत सुटते. दुसरा म्हणाला, पेट्रोल पहाटे भरायचं, थंड असताना टाकीत जास्त बसतं. धुळ्याचे माझे मामा नवापूरकडे कामाला गेले की सीमेपलीकडे गुजरातेत जाऊन टाकी तोंडापर्यंत भरून येत आणि गड जिंकल्यासारखा फोन करून मला सांगत. गोळ्या सोडून मी बहुतेक सगळं करून पाहिलं. गोळ्याही टाकल्या असत्या, पण वाटेत गाडी बंद पडणं मला परवडणारं नव्हतं, कारण त्या गाडीत आई असायची.

आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला जळगावला डायलिसिसच्या मशीनवर झोपवावं लागे. जवळ कुठे पाळी मिळाली नाही, मिळाली ती तिथे. मशीन सरकारी योजनेत फुकट होतं. तिथवर जायला-यायला लागणाऱ्या पेट्रोलची योजना मात्र कोणी काढली नव्हती. एसटीने न्यावं, तर मशीनवरून उठलेला माणूस उभा राहू शकत नाही, आणि बसायला जागा मिळेलच असं कोण सांगणार? दोन पाळ्या हुकल्या तर फुप्फुसात पाणी भरेल, असं डॉक्टरांनी मला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. म्हणजे टाकीत पेट्रोल असेल तोवर आई, एवढा साधा मामला होता.

एकट्याला ते झेपेना, तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकांवर मी विचारत फिरलो, आमच्या वाटेवरचं कोणी आहे का? दोघं मिळाले. एक अक्का, आमच्या सावद्याच्याच, स्टँडमागे राहणाऱ्या, आईपेक्षा थोड्या लहान. दुसरे नाना, फैजपूरचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. दोघंही मशीनवरचेच; दिवस तेच, वेळ तीच. पेट्रोलचे तीन वाटे झाले, नानांचा, अक्कांचा आणि माझा. आईच्या जागेचे पैसे लावायचा प्रश्नच नव्हता.

नाना पुढे बसत. आई आणि अक्का मागे. मागे दोघीच, कारण परतताना मान टाकायला जागा लागते. पहिल्याच दिवशी नानांनी माझं गाडी चालवणं पाहून कपाळाला हात लावला. फैजपूर मागे पडलं नाही तोच सुरू झाले.

"पुढे उतार दिसतो ना तुले? मंग कायले दाबतो? पाय उचल."

मी पाय उचलला. थोडं पुढे जाऊन पुन्हा तेच. डेपोत म्हणे डिझेल वाचवणाऱ्या ड्रायव्हरांची नावं फळ्यावर लावत, आणि नानांचं नाव कायम सगळ्यांत वर. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की अक्का मागून त्यांच्या आधी वाक्य पुरं करायच्या. एकदा तापीच्या पुलाकडे उतरताना मी ट्रकवाल्यांचं पाहून गाडी न्यूट्रलवर टाकली, तर नानांनी माझ्या हातावर चापट मारली. वयात आलेल्या माझ्या पोरांनी पाहिलं असतं तर हसली असती. नाना म्हणाले, न्यूट्रलवर गाड्या सोडणाऱ्यांची प्रेतं ओळखायला मी कन्नडच्या घाटात गेलेलो आहे, तोंडं राहिलेली नसतात. त्यानंतर मी तो नाद सोडला.

पुढच्या खेपेला नाना एक प्लास्टिकची बाटली घेऊन आले. अर्धी पाण्याने भरलेली, झाकण घट्ट लावलेलं. ती त्यांनी डॅशबोर्डवर माझ्यासमोर ठेवली आणि सुतळीने बांधून टाकली.

"याच्यातलं पानी हललं नही पाह्यजे. पानी हललं म्हनजे पेट्रोल सांडलं समज."

आणि ते खरं होतं, याचा मला राग येतो. बाटलीकडे डोळा ठेवून चालवलं की ब्रेक कमी लागे, गियर कमी बदलावा लागे, आणि त्याच पेट्रोलमध्ये गाडी जास्त जाई. टायरमध्ये हवा कडक. सिग्नलला इंजिन बंद. गाडीतला जॅक आणि स्टेपनी सोडून सगळं सामान घरी. एसी बंद. काचा दोन बोटं खाली, जास्त नाही, कारण काचा उघड्या टाकल्या की वारा गाडीला मागे ओढतो, असं नानांचं म्हणणं.

पण कोणाच्या गाडीत आपण पाण्याची बाटली बांधून ठेवतोय, हे नानांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही. ज्यांच्या किडन्या गेल्या, त्यांना पाणी मोजून मिळतं. लघवी होत नाही, प्यायलेला प्रत्येक घोट अंगातच राहतो. आई दिवसाचं पाणी एका लोट्यात काढून ठेवायची आणि चमच्याने तोंड ओलं करायची. अशा तीन माणसांना घेऊन मी वैशाखातल्या दुपारी जळगावहून निघायचो. खान्देशातली ती दुपार परक्याला सांगून कळायची नाही. स्टिअरिंगला हात लावला की चटका बसे. एसी बंद, काचा दोन बोटं उघड्या, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते पाणी. आरशात मला दिसायचं, आई आणि अक्का दोघीही त्या बाटलीकडे पाहत असायच्या.

मी एकदा एसी लावला. आईच म्हणाली, "बंद कर रे. मले काही होत नही."

"तुला होत नाही, मला होतंय," मी ओरडलो.

"मंग घाम पूस," ती म्हणाली. अक्का हसल्या. मी एसी बंद केला.

जून जवळ आला होता तेव्हाची गोष्ट. भुसावळच्या अलीकडे पंपावर मी टायरची हवा पाहायला उतरलो. परत येऊन बसलो तर बाटली जागेवर होती, सुतळी जागेवर होती आणि पाणी नव्हतं. मी तिघांकडे पाहिलं. अक्का बाहेर बघत होत्या. आईने डोळे मिटून घेतले होते. नाना समोर काचेकडे पाहत ताठ बसले होते आणि त्यांची हनुवटी ओली होती. सावद्यात बाटली भरून मी पुन्हा बांधून ठेवली.

पुढच्या खेपेला फैजपूरला नानांच्या घरासमोर हॉर्न वाजवला, तर त्यांचा मुलगा बाहेर आला. रात्री श्वास लागला, दवाखान्यात नेईपर्यंत गेले, म्हणाला. अर्ध्या बाटलीने झालं असेल असं मी म्हणत नाही, त्या माणसाने आयुष्यभर डिझेल वाचवलं, एवढं पाणी त्याला प्यावंसं वाटलं, बस. पाळी चुकवून चालणार नव्हतं, म्हणून त्यांच्या दारावरही न थांबता आम्ही पुढे निघालो. आई तापीपर्यंत रडत होती. पूल ओलांडल्यावर पदराने डोळे पुसून तिने विचारलं, "आता पुढच्या जागेचं कसं?"

हेच तर मी सकाळपासून मनात घोळवत होतो. तिनाचे दोन वाटे झाले होते. अक्कांना जास्त जमणार नव्हतं आणि माझ्याकडे मोटारी येणं पावसाळ्यात बंद होतं. जागा भरायला हवी होती. जागा भरायला हवी म्हणजे काय, तर आमच्या वाटेवर कोणाच्या तरी किडन्या जायला हव्या होत्या. नव्या पेशंटला घेऊन नातेवाईक वॉर्डात शिरले की त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं असे आणि मी त्यांना गाव विचारायला पुढे होत असे. गिधाडं वर फिरतात, तसा मी त्या बाकांभोवती फिरत होतो.

दोघं सापडले. एक शिंपी, फैजपूरचाच, अगदी रस्त्यावर घर, वाटा द्यायला तयार. दुसरी सातपुड्याच्या पायथ्याकडच्या गावची एक बाई, माझ्याहून बरीच लहान, तोंड सुजलेलं. नवऱ्यासोबत आधी जीपने सावद्याला आणि मग बसने यायची. कधी जीप भरायची नाही म्हणून निघायची नाही, आणि तिची पाळी हुके. तिचा नवरा केळीच्या बागांत मजुरीला जायचा. वाटा देणं त्यांना जमणार नव्हतं, हे त्याने विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

"त्या पोरीले घे," आई म्हणाली.

"वाटेवरची नाही ती."

"सावद्यापर्यंत येईन म्हनते ना ती जीपने. आन वाटेवर मी तरी कोठी व्हते? तू घरातून निघतो म्हनून मी वाटेवर."

"आणि पेट्रोल कोण टाकणार? तू?"

हे मी बोललो. बोलायला नको होतं असं लोक म्हणतील, पण त्यांनी यावं आणि दोन वाट्यांत ती गाडी दर सोमवारी-गुरुवारी जळगावला नेऊन दाखवावी. मागे तिसरी बसव म्हणाली, तर तेही मी ऐकलं नाही. चार आजारी माणसं भरली की दाटी होणार, गाडी ओढणार, त्यात कोणाला काही झालं तर आडवं कुठे करणार? मी शिंप्याला घेतलं. तो गरीब स्वभावाचा, सगळ्या वाटेने झोपून जाई आणि पैसे वेळेवर देई. गाडी चालू राहिली. आई मशीनवर जात राहिली. मला दुसरं काही नको होतं.

आईने त्यावर पुन्हा तोंड उघडलं नाही. वॉर्डात मात्र ती त्या बाईशी बोलत बसलेली दिसे. तिचा हात आपल्या हातात धरून, डोकं जवळ नेऊन. काय चाललंय म्हणून विचारलं तर म्हणे, "बायांच्या गोष्टी. तुले काय करायचं?"

पावसाळा सरता सरता आईचं अन्न तुटलं. मशीनवर तिचं ब्लडप्रेशर उतरायला लागलं, मशीन मध्येच थांबवावं लागे. एका पहाटे, आमचा जाण्याचा दिवस नव्हता, ती अंगणात तोंड धुवायला बसली आणि तशीच कलंडली. टाकी भरलेली होती. आदल्या दिवशीच भरून आणली होती.

बाया सांत्वनाला दारावर येत होत्या. अक्काही आल्या, सगळ्या बायांमध्ये बसून मोठ्याने रडल्या. उठून जाताना ओट्यावर माझ्यापाशी थांबल्या. "भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "गुरुवारी गाडी..." आणि थांबल्या. माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "अक्का, आईची राख तरी निवू द्या." त्या मान खाली घालून गेल्या. त्या आठवड्यात त्या आणि शिंपी कसे गेले, मी विचारलं नाही. दिवसकार्याच्या शेवटी गंधमुक्तीला धुळ्याचे मामा आले. जेवणं झाल्यावर गाडीला चक्कर मारून म्हणाले, "भाचा, आते इकी टाक गाडी. कसाले ठेवस?" मीही विकायचंच ठरवलं होतं.

तरी पुढच्या गुरुवारी पहाटे मला जाग आली. इतक्या दिवसांचं अंगवळणी पडलेलं. घरात कोणाला औषध द्यायचं नव्हतं, कोणाला हात धरून उठवायचं नव्हतं. काय करावं ते कळेना. किल्ली घेतली आणि गाडी काढली. अक्कांना शेवटचं सोडून येऊ आणि सांगून टाकू, असं मनाशी म्हणालो.

स्टँडपाशी अक्का उभ्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे, मी येणार हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्याजवळ ती पायथ्याकडची बाई उभी होती, पिशवी छातीशी धरून. तोंड आणखी सुजलं होतं. अक्का मागे त्यांच्या जागेवर बसल्या. ती दुसऱ्या दाराने आत आली आणि आईच्या जागेवर बसली.

मी मागे वळलो. "इथे कोणी बसायला सांगितलं?"

"तुमच्या आईनं," ती म्हणाली. तिला दम लागत होता, थांबत थांबत बोलली. "म्हने, थोडी कळ काढ, माझी जागा रिकामी व्हईल. तू बसजो."

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. म्हणजे त्यांना ठाऊक होतं, दारावर आल्या तेव्हा त्या हेच सांगायला थांबल्या होत्या.

"आणि पेट्रोलचे पैसे?" मी विचारलं. मला ते विचारायचं नव्हतं, पण तोंडातून तेच निघालं.

ती बाई घाबरली. तिने आधी अक्कांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आईंनी सांगितलं," ती म्हणाली, "या जागेचे तो घेत नही."

मला आईचा असा राग आला की डोळ्यांपुढचा रस्ता दिसेना. माझ्या पाठीमागे बसून तिने हे ठरवलं होतं. मी पुढे पै पै करून तिला जगवायला बघत होतो, आणि ती मागे बसून आपली जागा देऊन टाकत होती. मी क्लच सोडला तो इतका जोरात, की गाडीने उडीच मारली आणि सुतळी तुटून नानांची बाटली पुढच्या दोन सीटांच्या मध्ये येऊन पडली.

अक्का पुढे वाकल्या, बाटली उचलली आणि परत जागेवर ठेवली.