एनॉकचं झाड

लोविनामावशीला हळू बोलताच येत नसे. तिचं सगळं बालपण पूर्वेकडच्या एका कापडगिरणीत, मागांच्या खडखडाटात गेलेलं. तिथे शेजारणीकडे कात्री मागायची तरी घसा ताणावा लागे. गिरणी सुटली, पण आवाज सुटला नाही. आमच्या कॅन्ससच्या माळावर तर वाऱ्याशिवाय मध्ये बोलणारं कुणी नाही. ती तिच्या घरात जेवणाआधीची प्रार्थना म्हणे आणि मी माझ्या अंगणात 'आमेन' म्हणे.

त्यामुळे ती झाडाशी काय बोलते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या मातीच्या ढेपांच्या घरामागे सीडरचं एक बारमाही हिरवं झाड होतं आणि झाडाखाली तिचा नवरा एनॉक पुरलेला होता. भांडी विसळलेलं पाणी घेऊन ती रोज तिथे जाई. "एनॉक, गाय आटली रे!" "एनॉक, ऑर्फाच्या नवऱ्याने पुन्हा कुंपण वाकडं घातलंय!" ऑर्फा म्हणजे मी. कुंपण वाकडंच होतं, पण ते मेलेल्या माणसाला कळवायची काय गरज होती?

एनॉक रेल्वेत डबे जोडायचा. दोन डबे आदळायला आले की मध्ये उभं राहून हाताने खीळ बसवायची, असं ते काम. त्यात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मावशी सांगायची, नव्या जागी कामाला गेलं की मुकादम आधी हात बघायचा आणि बोटं कमी दिसली की म्हणायचा, "हा मुरलेला आहे, घ्या याला." मग रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला. गाड्या जागच्या जागी थांबल्या. संप मोडला तशी एनॉकला कुठल्याच कंपनीची दारं उघडेनात. शेवटी आईच्या परसातलं सीडरचं रोप चरबीच्या रिकाम्या डब्यात घालून तो बायकोसकट इकडे आला. रोप जगलं, तो तापाने गेला.

त्याच्या मातीला आमच्यापैकी फारसं कुणी गेलं नव्हतं. रेल्वेवाला ना तो! आमच्याकडे ती शिवीच होती. मका आम्ही पिकवायचा आणि त्याचं मोल रेल्वेच्या भाड्यात जायचं. एका हिवाळ्यात तर मका कोळशापेक्षा स्वस्त झाला. आम्ही तो शेगडीत जाळला. घरभर भाजक्या कणसांचा वास दरवळायचा आणि मुलं खुशीत असायची. मला मात्र त्या उबेत रडू यायचं.

उन्हाळ्यात दुपारी सगळं शिवार तापून लवलवू लागलं की दूरची आगगाडी जमीन सोडून वर तरंगताना दिसे. गवताच्या टोकांवरून निघालेली, आवाज नाही, चाकं नाहीत. मावशी सीडरच्या सावलीत बसून तिच्याकडे बघत राही. अशा वेळी तीसुद्धा गप्प असे, आणि तिच्याकडे बघता बघता मलाही हातातलं काम सुचेनासं होई. आम्ही दोघीही कुठेतरी तरंगत असू.

त्या हिवाळ्यानंतरच्या वर्षी शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली आणि घोडागाड्यांच्या मिरवणुका निघू लागल्या. जुने दोन्ही पक्ष अजून उत्तर-दक्षिणेच्या जुन्या यादवी युद्धाच्याच गोष्टी सांगून मतं मागायचे. ते प्रश्न मेले, आमचे जिवंत आहेत, हे दाखवायला प्रत्येक घोडागाडीला हिरवी फांदी बांधायची रीत पडली. पण फांदी आणायची कुठून? आमच्या माळावर झाड म्हणजे ओढ्याकाठचा विलो. तोच तोडून आम्ही जुलैमध्ये मर्लिन गावाला निघालो. उन्हाने वाटेतच पानं माना टाकून बसली. रुळांपाशी पोचलो तर मालगाडीच्या टपावर बसलेले रेल्वेवाले पोट धरून हसले. "अहो, तुमचे जिवंत प्रश्न वाटेतच गेले की! पुरायला खड्डा खणू का?"

आमचा पुढारी ऑर्विल टेट त्या दिवसापासून धुमसत होता. ऑक्टोबरात, मतदानाच्या तोंडावर, मोठी मिरवणूक ठरली. न कोमेजणारं झाड सबंध पंचक्रोशीत एकच होतं, एनॉकचं.

"ऑर्फावहिनी, तुम्हीच बोला. तुमचं ती ऐकते," ऑर्विल म्हणाला.

"ती कुणाचंच ऐकत नाही. आपणच तिचं ऐकतो, मनात असो वा नसो."

तरी गेले. मावशी झाडाला पाणी घालत होती. माझं ऐकून घेतलं आणि भांडं खाली आपटलं.

"रेल्वेच्या नावाने बोंब मारत गावभर फिरणार, आणि फांद्या कुणाच्या? माझ्या रेल्वेवाल्याच्या! लाज नाही वाटत गं?"

"वाटते, मावशी. तरी मागायला आलेय."

"हे विलोसारखं नसतं. तोडलं तिथे पुन्हा फुटत नाही. मग मी बसू कुठे? बोलू कुणाशी? तुझ्या कुंपणाशी?"

मी मान खाली घालून परतले. तिचं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. धुकं होतं. त्यातून तिचा आवाज आला.

"एनॉक, काल स्वप्नात आलास आणि एक अक्षर बोलला नाहीस! सगळी इंजिनं आपल्या माळावर थंड उभी होती. चाकांवर गवत चढलेलं, धुराड्यांत पाखरांची घरटी. माझ्या गिरणीतल्या मुली डब्यांच्या पायऱ्यांवर बसून ऑर्फाची मक्याची भाकरी खात होत्या, मीठ कमी असूनही! आणि तू डब्याडब्याला या झाडाची फांदी बांधत होतास. बोटं सगळी परत आली होती रे तुझी. मी म्हटलं, अरे, झाड बोडकं होईल! तर नुसता हसलास."

मग भांड्यातलं पाणी मुळाशी ओतलेलं ऐकू आलं. कपडा हातात धरून मी तशीच उभी.

"बरं," आवाज आला. "तुझं झाड. तू म्हणशील तसं."

मिरवणुकीच्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा करवत तिच्याच हातात होती. शेंड्याचा झुबका तेवढा ठेवून तिने झाडाच्या साऱ्या फांद्या उतरवल्या होत्या. फांद्यांवर निळी फळं होती आणि अंगणभर सीडरचा वास. ऑर्विल आभार मानायला पुढे झाला.

"ते राहू दे. पुढच्या गाडीला लावायच्या त्या फळ्यावर काय लिहिलंयस ते वाच."

"'रेल्वेने शेतकऱ्याला लुटलं.'"

"'रेल्वे कंपनीने' लिही. कंपनी वेगळी, माणसं वेगळी. नाहीतर फांद्या ठेव खाली."

ऑर्विलने रंगाचा डबा मागवला.

मावशी आमच्या गाडीत, सगळ्यांच्या पुढे, माझ्याशेजारी बसली. एक डहाळी तिने मांडीवर वेगळी ठेवली होती. मागे वळून पाहिलं तर हिरव्या गाड्यांची रांग धुक्यातून निघतच होती, संपतच नव्हती. झाडांनीच उठून चालायला घेतलं होतं जणू. मला वाटलं, मीच तिचं स्वप्न बघतेय.

रुळांपाशी तेच रेल्वेवाले मालगाडीच्या टपावर बसले होते. ते आता हसतील म्हणून आम्ही वाट पाहत होतो. कुणी हसलं नाही. खाली उभ्या एका म्हाताऱ्याने आमच्या गाडीवरचा फळा सावकाश वाचला. मग टोपी काढून त्याने उजवा हात वर केला. हाताला दोन बोटं नव्हती.

"गाडी थांबव!" मावशी माझ्या नवऱ्यावर इतक्या जोरात ओरडली की घोडे बुजले. ती उतरली. मागची सबंध रांग थांबली. ती म्हाताऱ्याजवळ गेली, त्याचा तो हात धरला आणि डहाळी त्यात ठेवून वरून आपला हात मिटला. मग ती त्याला काहीतरी म्हणाली.

मी गाडीतून वाकले, कान दिला. काहीच ऐकू आलं नाही.